ऑइल बदललं, पण गाळ कुठे गेला?

माझ्या तीनचाकीचं ऑइल बदलायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो: नुसतं ऑइल, की गाळासकट? नुसतं ऑइल म्हणजे चहा उकळेपर्यंत होणारं काम. बोल्ट काढा, काळं पाणी खाली सोडा, बोल्ट लावा, नवीन ओता. गाळासकट म्हटलं तर शनिवारची सकाळ गेली म्हणून समजा. आणि माझं स्पष्ट मत आहे की या इंजिनात गाळ काढला नाही तर ऑइल बदलणं अर्धंच झालं.

गाडी कोणती ते आधी सांगतो. होंडा एटीसी 110, मॉडेल 1982, लाल. पुढे एक आणि मागे दोन, अशी फुग्यासारखी तीन जाडजूड चाकं, वर एक लांब सीट, खाली आडवं झोपलेलं इंजिन. स्पीडोमीटर नाही, किलोमीटरचा काटा नाही, सेल्फ स्टार्टर नाही. दोरी ओढायची आणि निघायचं. मी मिनेसोटात राहतो, सेंट क्लाउडच्या बाहेर, आणि घरामागे थोडी झाडी आहे. ही गाडी शेजारच्या शेतकरी आजोबांच्या कोठारात गवताच्या गठ्ठ्यांमागे पडून होती. त्यांच्या मुलांनी लहानपणी ती पिदडली आणि पुढे शहरात निघून गेली. आजोबांनी पैसे जेमतेम घेतले, पण अट घातली: विकायची झाली तर आधी मला विचार.

आपल्याकडे तीनचाकी म्हटलं की रिक्षा किंवा टेम्पोच आठवतो, त्यामुळे गावाकडच्या लोकांना फोनवर ही गाडी समजावून सांगणं अवघड जातं. ‘मग सवारी कुठं बसते?’ हा पहिला प्रश्न. सवारी बसतच नाही. ही चिखलात, वाळूत, बर्फात एकट्याने फिरायची गाडी. तिचा उगमच थंडीत झाला. अमेरिकेत हिवाळा आला की मोटरसायकलींचा खप बसायचा, तेव्हा विक्रेत्यांना बर्फाच्या दिवसांत विकता येईल असं काहीतरी द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकन शाखेने जपानकडे केली. ओसामु ताकेउची या इंजिनियरच्या चमूने बरेच नमुने करून पाहिले आणि शेवटी तीन चाकांवर गाडी आली. 1970 साली ती ‘यूएस 90’ नावाने बाजारात उतरली, नंतर एटीसी 90 झाली, आणि 1979 साली आमची ही 110 आली. शॉक अब्सॉर्बर नावाची गोष्टच हिला नाही. खड्ड्यांचा जो काही मार असतो तो त्या फुगीर टायरांनी आणि आपल्या कमरेने वाटून घ्यायचा.

मी हिचा उपयोग सरपण ओढायला करतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये मेपलच्या झाडांचा रस गोळा करायला. रात्री गोठण आणि दिवसा ऊन असे दिवस सुरू झाले की झाडांना पाझर फुटतो. चाळीस बादल्या रस आटवला की साधारण एक बादली पाक होतो, त्यामुळे वाहतूक भरपूर. त्या वेळी झाडीत अर्धवट वितळलेला बर्फ आणि खाली रबडी चिखल असतो. पिकअप फसतो. ही मात्र मागे छोटी ट्रॉली लावून पहिल्या गिअरमध्ये टुकूटुकू जात राहते. इंजिनचा सगळा छळ याच दिवसांत होतो: हळू वेग, मोठं ओझं, सतत क्लच घासणं. तो छळ शेवटी जातो कुठे, तर ऑइलमध्ये.

माझ्या मामाचं कराडला गॅरेज आहे. गाडी आणली त्या आठवड्यात मी त्याला व्हिडिओवर दाखवली. टायर बघून तो हसला, पण मी कॅमेरा इंजिनावर नेला तसा एकदम गप्प झाला आणि म्हणाला, “आरं, ही तर आपली सीडी हंड्रेड हाय की! जरा फिरव बघू उजवीकडनं.” मामाचा डोळा बरोबर होता. होंडाने 1958 साली सुपर कबमध्ये सिलिंडर आडवा झोपवून जी मांडणी आणली, तिचंच घराणं पुढे जगभर पसरलं. आपली हिरो होंडा सीडी 100 आणि नंतरची स्प्लेंडर त्यातलीच. माझी 105 सीसीची एटीसी, ऑस्ट्रेलियात पोस्टमन वापरत ती सीटी 110, सगळी चुलत भावंडं. क्लचचा फरक आहे. सीडीला हाताचा क्लच, हिला नाही. ज्यांनी हिरो होंडाची ‘स्ट्रीट’ चालवली असेल त्यांना लगेच कळेल: गिअरचा लिव्हर दाबला की क्लच आपोआप सुटतो.

आता मुद्द्यावर येतो. मोटारीत इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. इथे इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांना मिळून एकच ऑइल. तेही लिटरभराच्या आसपास. म्हणजे पिस्टनची काजळी, गिअरच्या दातांची झीज आणि क्लचच्या प्लेटांचा भुगा, सगळं त्याच लिटरभर ऑइलात फिरत राहतं. शिवाय क्लच ऑइलात बुडालेला, म्हणून मोटारीचं कुठलंही ऑइल चालत नाही. इंधन वाचवणारी म्हणून जी पातळ ऑइलं मिळतात त्यांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचचं तर पोटच घर्षणावर चालतं. ते ऑइल टाकलं की क्लच घसरायला लागण्याची भीती. मी मोटरसायकलचं 10डब्ल्यू-40 वापरतो, डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं. सिंथेटिक की साधं यावर लोक तासन् तास भांडतात. माझ्या मते लिटरभर ऑइल इतक्या वेळा बदलायचं असताना महागड्या डब्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. साधं टाका, पण वेळेवर टाका.

वेळेवर म्हणजे कधी? किलोमीटरचा काटाच नाही, मग मोजणार काय? होंडाने तेव्हा यावर सरळ उपाय काढला. पुस्तकात देखभालीचा हिशोब दिवसांत आहे: गाडी ज्या दिवशी चालली तो एक दिवस, असे तीस दिवस झाले की ऑइल बदला. मी गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा मारतो. रसाच्या हंगामात मात्र तीसची वाट पाहत नाही. त्या दिवसांतली एक रेघ मी दोन धरतो, कारण पहिल्या गिअरमध्ये दिवसभर ट्रॉली ओढणं आणि रविवारी पोराटोरांना दाखवायला एक चक्कर मारणं याला एकच माप लावणं बरोबर नाही.

काम सुरू करताना इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करावं. गार ऑइल नुसतं ठिबकत बसतं आणि गाळ तळाशीच राहतो. फार तापवलं तर बोटं भाजतात, कारण बोल्ट शेवटच्या आट्यावर आला की ऑइल एकदम मनगटावरून कोपरापर्यंत येतं. गाडी सपाट जागी उभी करायची, वरचं डिपस्टिकचं झाकण आधी सैल करायचं म्हणजे हवा आत जाते, आणि मग खालचा बोल्ट 17च्या रिंग पान्ह्याने सोडायचा. फिक्स पान्हा नकोच, त्याने कोपरे गोल होतात. हा बोल्ट स्टीलचा आणि इंजिनचं खोकं ॲल्युमिनियमचं. जोर कोण खाणार हे सांगायला नको. बसवताना हाताने पूर्ण फिरला पाहिजे, वायसर नवा हवा, आणि पान्ह्याने फक्त वायसर चेपेपर्यंत आवळायचा. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवता येतो, पण इंजिन बाहेर काढून उलटं करायची पाळी येऊ शकते. ‘जरा अजून थोडा’ म्हणून पान्ह्यावर पाय देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही.

ऑइल निथळेपर्यंत बहुतेक जण फिल्टर शोधायला लागतात. मोटारीसारखा डबा कुठे दिसत नाही, मग कागदी फिल्टरचं झाकण कुठे असेल म्हणून खाली वाकून बघतात. कागदी फिल्टर यात नाहीच. त्याऐवजी दोन गोष्टी आहेत, दोन्ही उजव्या झाकणाच्या आत. एक म्हणजे पंपाच्या आधी बसलेली तारेची जाळी. ती मोठे तुकडे अडवते. दुसरा म्हणजे रोटर. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकाला क्लच आहे, आणि त्याच्या तोंडावरच एक पोकळ ताटली बसवलेली आहे. पंपाने ढकललेलं ऑइल या ताटलीच्या मधोमध येतं. ताटली क्रँकबरोबर मिनिटाला हजारो फेरे घेत असते, त्यामुळे ऑइलमधले जड कण बाहेरच्या काठावर फेकले जातात आणि तिथेच चिकटून बसतात. मधलं निवळलेलं ऑइल क्रँकच्या पोकळीतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला जातं. कागद नाही, बदलायचा सुटा भाग नाही, तुंबण्याचा प्रश्न नाही. फार हुशार रचना आहे ही.

पण तिची एक मेख आहे. काठावर बसलेला गाळ ऑइल सोडल्यावर बाहेर येत नाही. तुम्ही दर महिन्याला ऑइल बदला, तो थर तिथेच राहतो आणि जाड होत जातो. थर जितका जाड, तितकी आतली जागा कमी. शेवटी ताटली भरली की पुढचे कण बसायला जागाच उरत नाही आणि ते सरळ बेअरिंगकडे जातात. बाहेरून काही कळत नाही. डिपस्टिकवर ऑइल सोन्यासारखं दिसतं.

म्हणून वर्षातून एकदा, रसाचा हंगाम संपला की, मी झाकण उघडतो. आधी ब्रेकचं पेडल आणि पाय ठेवायचा दांडा आड येतो तो बाजूला घ्यायचा. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी भोक पाडून बोल्ट खोचून ठेवायचे. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर तळाला टेकून खोकं तडकतं. झाकण निघत नसेल तर फटीत स्क्रूडायव्हर घालून उचकटू नये. पॅकिंग बसायची जागा गुळगुळीत राहिली पाहिजे, तिथे ओरखडा पडला की ऑइल आयुष्यभर झिरपणार. रबरी हातोडीने चहूबाजूंनी टकटक करत राहिलं की सुटतं. सुटताना हात खाली धरा. क्लच दाबणारा छोटा लिव्हर, त्यामागची गोळ्या बसवलेली पट्टी, आणि स्प्रिंगवर उभी असलेली ऑइलची इवलीशी नळी, यातलं काहीही निसटून घरंगळू शकतं. ती नळीच ऑइल रोटरमध्ये पोचवते. ती न बसवता झाकण लावलं तर गाडी चालू होईल, छान चालेल, आणि मग बेअरिंग जाईल.

आता रोटरच्या ताटलीचे स्क्रू. यांच्यावर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकतो. दिसायला आपल्या फुली स्क्रूसारखेच, पण ते जपानी मापाचे आहेत. जवळून पाहिलं तर त्या मापाच्या बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसतो. अमेरिकन फिलिप्स स्क्रूडायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, टोकावरच तरंगतो, आणि जोर लावला की वर उसळून फुलीच्या कडा खाऊन टाकतो. ‘जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू लोण्याचे असतात’ अशी जी ओरड इथे ऐकू येते, तिच्यामागे निम्म्या वेळा चुकीचा स्क्रूडायव्हर असतो. जपानी मापाचं टोक मागवून घ्या, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, टोक फुलीत नीट बसवा आणि दणका एकच द्या. हलक्या हाताने दहा वेळा ठोकण्यापेक्षा ते बरं.

ताटली निघाली की आत पाहण्यासारखं असतं. काठाला चहूबाजूंनी राखाडी-काळा, घट्ट मलमासारखा थर, नखाने ओरबाडला तर नखात बसणारा. पहिल्यांदा मी ती उघडली तेव्हा थर करंगळीच्या टोकाएवढा जाड होता. म्हणजे कोठारात पडण्याआधीच्या सगळ्या वर्षांत कुणीही ती उघडली नसावी. हा गाळ फेकण्याआधी वाचायचा असतो. पांढऱ्या कागदावर थोडा पसरवा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. हलला नाही, नुसताच मऊ आणि काळपट असेल, तर क्लचचा भुगा आणि काजळी, काळजी नको. चंदेरी चमक आहे पण चुंबकाला दाद देत नाही, तर ॲल्युमिनियम: पिस्टन किंवा खोक्याचीच झीज, लक्ष ठेवा. चुंबकामागे बारीक काटे उभे राहिले तर लोखंड, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. ते दिसलं तर पुढचं काम ऑइल बदलण्याचं नाही. माझ्याकडे बहुतेक भुगाच निघतो. ट्रॉलीची कृपा.

प्लॅस्टिकच्या पट्टीने थर खरवडायचा, मग ताटली रॉकेलने धुवायची. इथे किराणा दुकानात रॉकेल मिळत नाही पण शेतीसामानाच्या दुकानात मिळतं. चिंधी वापरताना धागे सुटणारी नको. धागा ऑइलच्या वाटेत अडकला तर आपणच आणलेलं संकट.

जाळी खालच्या खाचेत सरकवून बसवलेली असते, चिमट्याने अलगद ओढली की येते. पहिल्या वेळी माझ्या जाळीत पारदर्शक शेवया अडकलेल्या होत्या. कधीतरी कुणीतरी पॅकिंगच्या जागी सिलिकॉन फासलं होतं, तेही भरभरून. बाहेर जेवढं पसरलेलं दिसतं तेवढंच आतही पिळलेलं असतं, आणि आतलं तुटून ऑइलबरोबर जाळीपर्यंत येतं. निम्मी जाळी त्यानेच बुजली होती. सिलिकॉनची ट्यूब हाताशी असणं हा अनेक इंजिनांचा मृत्युयोग आहे. कागदी पॅकिंग अजून मिळतं, महागही नाही. जुन्याचा उरलेला कागद ब्लेडने हळूच खरवडायचा, दोन्ही बाजू कोरड्या करायच्या, आणि नवं पॅकिंग तसंच बसवायचं.

हे सगळं एकदा मामाला सांगत होतो. म्हटलं, “मामा, तू स्प्लेंडरचा रोटर उघडतोस का रे ऑइल बदलताना?” कारण स्प्लेंडरलाही उजव्या झाकणात असाच रोटर आणि अशीच जाळी आहे. मामा म्हणाला, “कोन उघडतंय बाबा! गिऱ्हाईक गाडी लावतं आन् म्हनतं अर्ध्या तासात द्या, मंडईत जायाचंय. झाकन काढायची मजुरी सांगितली की म्हनतं, मागच्या वेळी तर घेतली न्हवती.” मग थोडं थांबून म्हणाला, “इंजिन खोललं की मग दिसतो आमाला रोटर. तवर काम झालेलं असतंय.” म्हणजे कराड काय आणि सेंट क्लाउड काय, ताटलीच्या नशिबी सारखंच दुर्लक्ष. स्प्लेंडर चालवणारे कुणी हे वाचत असतील तर पुढच्या मोठ्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला एवढं विचाराच, आणि झाकण काढण्याची मजुरी घासाघीस न करता द्या.

पुन्हा जोडताना क्रम उलटा. झाकण लावल्यावर नवं ऑइल ओतायचं. अमेरिकेत बाटली क्वार्टची, म्हणजे 946 मिलिलिटर. ती जवळजवळ अख्खी जाते. पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. ती पुसून आत नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, आणि मग काढून पाहायची. आटे आवळून पाहिलं तर काठी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्याहून जास्त दिसतं. रोटर रिकामा झालेला असल्यामुळे लगेच इंजिन चालू करू नये. प्लग काढायचा, स्विच बंद, आणि दोरी सावकाश ओढत राहायचं. प्लग नसल्यामुळे जोर लागत नाही. वरचं टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायच्या जागेचं, झाकण उघडून ठेवलं तर थोड्या वेळाने तिथे ऑइलची ओल दिसायला लागते. ती दिसली की समजायचं, सगळीकडे पोचलं. मग प्लग लावून दोन मिनिटं मंद चालवायचं, बंद करायचं, थोडं थांबून पुन्हा काठी. रोटरने आपल्या वाटणीचं ऑइल घेतलेलं असतं, त्यामुळे थोडं घालावं लागतंच.

काढलेलं ऑइलही पाहून घ्यावं. काळं असणं चांगलंच, त्याने काम केलं. पेट्रोलचा भपकारा आला आणि पातळी वाढलेली दिसली, तर कार्बोरेटरची सुई गळते आहे. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं निघालं तर पाणी. या गाड्यांचे टायर इतके फुगीर की ओढ्यात त्या अर्धवट तरंगतात, आणि तो मोह बऱ्याच जणांना आवरत नाही. पण पाणी शिरायला ओढाच लागतो असं नाही. इथल्या हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली असताना इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं तर आतली वाफ थिजून ऑइलमध्येच उतरते. म्हणून जानेवारीत ‘जरा चालू करून ठेवतो’ असं मी करत नाही. चालवायची तर चांगली अर्धा तास, नाहीतर हातच लावायचा नाही.

बाकीची कामं झटपट सांगतो. टॅपेट: इंजिन पूर्ण गार, दोरी सावकाश ओढत चुंबकाच्या चाकावरची ‘टी’ खूण समोर आणायची, दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, मोकळे हलतात ना ते पाहायचं. हलत नसतील तर अजून एक फेरा. फट 0.05 मिलिमीटर, दोन्हीकडे. पट्टी किंचित धरून सरकली पाहिजे. क्लचचा स्क्रू झाकणाच्या बाहेरच आहे. नट सैल करून तो अडेपर्यंत फिरवायचा आणि किंचित मागे घ्यायचा, किती ते पुस्तकात पाहून. एअर फिल्टर स्पंजचा. तो रॉकेलमध्ये धुवून तळव्यांत दाबायचा, पिळायचा नाही, वाळला की गिअर ऑइलमध्ये बुडवून जास्तीचं दाबून काढायचं. जुना स्पंज बोटांत कुस्करून पाहा. चुरा झाला तर तोच चुरा इंजिन खात होतं. चेनला ओल्या चिखलानंतर त्याच दिवशी ऑइल, दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

पेट्रोलबाबत मिनेसोटात एक सोय आहे. इथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते ओल धरतं, जेट चिकटवतं, जुने रबरी भाग खराब करतं. पण बऱ्याच पंपांवर एक वेगळी नळी असते, बिनइथेनॉलचं 91 ऑक्टेन. ते जुन्या संग्राह्य गाड्या, बोटी, बर्फावरच्या गाड्या आणि छोट्या इंजिनांसाठीच आहे असं त्यावर लिहिलेलं असतं. महाग आहे, पण एवढीशी टाकी भरायला कितीसं लागतं? बंद करण्याआधी खालचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवतो. पुढच्या वेळी दोरी कमी ओढावी लागते.

टायरमधली हवा हा मात्र झटपट सांगायचा विषय नाही. हिला हवा लागते 2.2 पीएसआयच्या आसपास. बावीस नव्हे, दोन पॉइंट दोन. मोटारीचं गेज त्या आकड्यावर हलतसुद्धा नाही, त्यासाठी कमी दाबाचं वेगळं गेज घ्यावं लागतं, आणि पंपावरच्या कॉम्प्रेसरने भरायला गेलात तर टायर बघता बघता टम्म होतो. टम्म टायर म्हणजे चेंडू, आणि दुसरं कुठलंही स्प्रिंग नसताना चेंडूवर बसून दगडांतून जायचं. मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर आहेत, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. दोन टायरांचा घेर वेगळा झाला तर गाडी एका बाजूला ओढते, म्हणून गेजवर विसंबून न राहता मी टेपने घेर मोजतो.

त्याच सलग दांड्यामुळे वळताना शरीर टाकावं लागतं, नाहीतर ती सरळ जाते किंवा उलटते. आणि मोटरसायकलच्या सवयीने पाय खाली टेकवला तर मागचं चाक त्याच पायावर चढतं. मुलांचे इतके अपघात झाले की 1988 साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या न्यायालयीन करारानंतर कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं, आणि 2008च्या कायद्याने नव्या तीनचाकींच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदीच आली. जुनी बाळगायला मनाई नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि दर वसंतात विचारते. पान्हे देतो, रोटर धुवायला देतो, जपानी स्क्रू तर ती माझ्यापेक्षा चांगले काढते. सीटवर बसवत नाही. यावरून घरात थोडी कुरबुर आहे, ती राहू दे.

वापरलेलं ऑइल रसाच्या जुन्या कॅनमध्ये भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन देतो. कॅनवर मोठ्या अक्षरांत ‘ऑइल’ लिहून ठेवतो, कारण आमच्या गॅरेजमध्ये तपकिरी रंगाचे दोन पदार्थ असतात आणि त्यातला एक पॅनकेकवर जातो. रोटरचा गाळ आणि बरबटलेल्या चिंध्या वेगळ्या डब्यात, त्याच केंद्रावर. पॅकिंग आणि वायसर मागवताना दोन-दोन मागवा. झाकण लावल्यावर बाकावर ती छोटी नळी उरलेली दिसली, तर पुन्हा उघडायला दुसरं पॅकिंग हाताशी हवं.